विद्यापीठांतील लष्करी प्रशिक्षण आणि शिस्त : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महाविद्यालयाच्या मैदानावर सकाळी खाकी गणवेशात कवायत करणारी मुले-मुली हे दृश्य आपल्या इतके परिचयाचे आहे की त्यामागे शंभरहून अधिक वर्षांचा इतिहास आहे, हे सहसा लक्षात येत नाही. हा इतिहास १९१७ साली सुरू होतो. वसाहतकाळ, फाळणीच्या सुमारास झालेली पुनर्रचना, चीन युद्धानंतरची सक्ती आणि ती मागे घेतल्यानंतरचा काळ अशी त्याची वळणे आहेत. पुढील प्रश्न विद्यार्थी, पालक, माजी छात्र आणि स्थानिक इतिहासाचे अभ्यासक नेहमी विचारतात. उत्तरे मुख्यतः भारतीय विद्यापीठांपुरती मर्यादित ठेवली आहेत.

भारतीय विद्यापीठांत लष्करी प्रशिक्षणाची सुरुवात केव्हा झाली?

पहिल्या महायुद्धात ब्रिटिश फौजा फ्रान्स, मेसोपोटेमिया आणि पूर्व आफ्रिकेत गुंतलेल्या असताना हिंदुस्थानातील बंदोबस्तासाठी मनुष्यबळ कमी पडू लागले. त्यासाठी १९१७ साली हिंदी, म्हणजे भारतीय, संरक्षण दलाचा (इंडियन डिफेन्स फोर्स) कायदा करण्यात आला. या कायद्याने येथे राहणाऱ्या युरोपीय ब्रिटिश प्रजाजनांवर लष्करी सेवेची सक्ती केली, तर हिंदी लोकांना स्वेच्छेने नाव नोंदवण्याची मुभा दिली. या दलातच विद्यापीठांच्या तुकड्या उभ्या राहिल्या आणि आजच्या राष्ट्रीय छात्रसेनेची (एनसीसी) वंशावळ तेथूनच सांगितली जाते. सैन्यातील तूट भरून काढणे हा त्यामागचा रोखठोक हेतू होता. चारित्र्यनिर्मिती, नेतृत्वगुण, राष्ट्रीय एकात्मता हे आज ऐकू येणारे शब्द नंतरच्या काळातले आहेत.

सरकारने विद्यार्थ्यांच्या हाती रायफल देण्याचा धोका का पत्करला?

हा प्रश्न योग्यच आहे, कारण १८७८च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्यावाचून शस्त्र बाळगणे हिंदी माणसासाठी गुन्हा होता आणि बंगालपासून महाराष्ट्रापर्यंतच्या क्रांतिकारी चळवळींत महाविद्यालयीन तरुण आघाडीवर होते. तरीही सरकारने हे पाऊल उचलले. एक तर युद्धाची निकड होती, आणि दुसरे म्हणजे शिकलेल्या वर्गाला थोडीफार सवलत देऊन त्याचा असंतोष आटोक्यात ठेवता येईल असा हिशेब होता. हिंदी तरुणांना राजाचे कमिशन, म्हणजे ब्रिटिश अधिकाऱ्याच्या बरोबरीचे अधिकारपद, मिळण्याची सुरुवातही १९१७ सालीच झाली आणि पुढच्या वर्षी सँडहर्स्टच्या लष्करी महाविद्यालयात हिंदी उमेदवारांसाठी वर्षाला दहा जागा ठेवण्यात आल्या. दहा जागांत काय होणार, असा प्रश्न तेव्हाही विचारला गेलाच.

येथे आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. त्या काळी सैन्यभरती ‘लढाऊ जाती’ या, म्हणजे काही ठराविक समाजच लढण्यास योग्य असतात अशा, सिद्धांतावर चालत असे. विद्यापीठात शिकणारा शहरी, मध्यमवर्गीय तरुण त्या चौकटीत बहुधा बसत नसे. विद्यापीठाची तुकडी म्हणजे ज्यांना पलटणीचे दार बंद होते त्यांच्यासाठी उघडलेली खिडकी होती. युद्धाच्या गरजेने अशी दारे उघडायची आणि गरज सरली की मिटायची, हा अनुभव इतरांनाही आला. महार पलटण १९१७ सालीच उभारण्यात आली आणि १९२१ साली मोडण्यात आली. विद्यापीठांच्या तुकड्या मात्र मोडल्या नाहीत, त्यांचे रूप बदलले.

राष्ट्रीय नेत्यांनी याला विरोध केला नाही का?

सरसकट विरोध झाला नाही. लोकमान्य टिळकांची भूमिका महाराष्ट्रात सर्वश्रुत आहे : स्वराज्य मागणाऱ्यांनी स्वतःच्या देशाचे रक्षण करण्याची जबाबदारीही मागितली पाहिजे, मात्र ती बरोबरीच्या नात्याने मिळाली पाहिजे. १९१८ साली गांधीजी सैन्यभरतीसाठी फिरत असताना टिळकांनी त्यांच्याकडे पन्नास हजार रुपयांचा धनादेश पाठवला आणि हिंदी लोकांना अधिकारपदे मिळणार असतील तर महाराष्ट्रातून पाच हजार माणसे मिळवून देऊ, अशी जणू पैजच लावली. गांधीजींनी तो परत केला. त्यांच्या मते मदत अटीविना व्हायला हवी होती. पुढे असहकाराच्या काळात सरकारी शिक्षणसंस्थांवरच बहिष्कार पुकारला गेला, तेव्हा त्याच संस्थांच्या मैदानावर सरकारी गणवेश घालून कवायत करणे हा अनेक विद्यार्थ्यांसाठी सद्सद्विवेकाचा प्रश्न झाला असणार, हे उघड आहे. लष्करी शिक्षणाची मागणी आणि परक्या सरकारचा तिटकारा या दोन्ही गोष्टी एकाच पिढीत, कित्येकदा एकाच माणसात, नांदत होत्या.

सुभाषचंद्र बोस विद्यापीठाच्या तुकडीत होते, हे खरे आहे का?

होय. प्रेसिडेन्सी महाविद्यालयात ओटन या इंग्रज प्राध्यापकाला विद्यार्थ्यांनी मारहाण केल्याच्या प्रकरणामुळे १९१६ साली त्यांना काढून टाकण्यात आले. नंतर त्यांनी बंगाली पलटणीत भरती होण्याचा प्रयत्न केला, पण दृष्टिदोषामुळे ते नापास ठरले. १९१७ साली स्कॉटिश चर्च महाविद्यालयात प्रवेश मिळाल्यावर ते कलकत्ता विद्यापीठाच्या तुकडीत दाखल झाले आणि फोर्ट विल्यमजवळच्या छावणीत त्यांनी कवायत व नेमबाजीचे शिक्षण घेतले. आत्मचरित्रात त्यांनी या दिवसांविषयी मोठ्या आनंदाने लिहिले आहे. रायफली आणण्यासाठी किल्ल्यात संचलन करत शिरताना, जे मुळात आपलेच असून आपल्याला नाकारले गेले होते त्याचा ताबा घेत आहोत असे वाटले, अशी त्यांची नोंद आहे. या एका नोंदीत सरकारचा हेतू आणि विद्यार्थ्याचा अनुभव यांतील सगळी तफावत सामावली आहे.

पुढे ते केंब्रिजला गेले, तेव्हा तेथील विद्यापीठाच्या अधिकारी प्रशिक्षण दलात हिंदी विद्यार्थ्यांना प्रवेश मिळावा म्हणून झालेल्या खटपटीत त्यांचा सहभाग होता. ती मागणी मान्य झाली नाही. कलकत्त्यात जे चालत होते ते केंब्रिजमध्ये चालेना. १९२८च्या कलकत्ता काँग्रेसमध्ये त्यांनी गणवेशधारी स्वयंसेवक दलाचे नेतृत्व केले, त्याची टिंगलही झाली. पण त्या हौसेचे मूळ विद्यापीठाच्या छावणीत होते असे म्हणायला जागा आहे.

यूटीसी म्हणजे काय?

युनिव्हर्सिटी ट्रेनिंग कोअर, म्हणजे विद्यापीठ प्रशिक्षण दल. महायुद्ध संपल्यावर १९२० साली हिंदी प्रादेशिक सेनेचा कायदा झाला आणि १९१७च्या तुकड्यांची जागा या दलाने घेतली. युरोपीय व अँग्लो-इंडियन लोकांसाठी वेगळी ‘ऑक्झिलिअरी फोर्स’ आणि हिंदी लोकांसाठी ‘टेरिटोरियल फोर्स’ अशी वांशिक विभागणी या व्यवस्थेत उघडपणे होती. यूटीसी या दुसऱ्या शाखेत मोडत असे.

पूर्वीपेक्षा या दलाचा दर्जा वाढवण्यात आला आणि अधिकारी व छात्र यांचा पोशाख सैन्यासारखाच ठेवला गेला. मुंबई, कलकत्ता, मद्रास, अलाहाबाद, बनारस अशा विद्यापीठांत त्याच्या तुकड्या होत्या. मुंबई विद्यापीठाच्या बाबतीत ‘विद्यापीठ’ हा शब्द जरा जपून घ्यावा. १८५७ साली स्थापन झालेले हे विद्यापीठ दीर्घकाळ मुख्यतः परीक्षा घेणारी संस्था होते, प्रत्यक्ष अध्यापन महाविद्यालयांत चाले. त्यामुळे दल विद्यापीठाचे असले तरी भरती आणि नेहमीची परेड महाविद्यालयाशी बांधलेली राहिली. आजही एनसीसीची गणना बटालियनवार होत असली, तरी छात्राची ओळख ‘अमुक कॉलेजची कंपनी’ अशीच असते.

शाळांसाठी ‘ज्युनियर’ आणि विद्यापीठांसाठी ‘सीनियर’ हे विभाग कोठून आले?

ब्रिटनमध्ये युद्धमंत्री हाल्डेन यांनी केलेल्या लष्करी सुधारणांत १९०८ साली अधिकारी प्रशिक्षण दल स्थापन झाले. त्यात विद्यापीठांचा सीनियर आणि शाळांचा ज्युनियर विभाग होता, तसेच ‘ए’ आणि ‘बी’ प्रमाणपत्रे होती. आपल्याकडे १९४८ नंतर विभागांची तीच नावे दिसतात आणि प्रमाणपत्रांत ‘सी’ची भर पडते.

दुसऱ्या महायुद्धात या दलाचे काय झाले?

१९४२ साली त्याचे नाव युनिव्हर्सिटी ऑफिसर्स ट्रेनिंग कोअर, थोडक्यात यूओटीसी, असे झाले. नावात ‘ऑफिसर्स’ आले त्याचे कारण स्पष्ट होते : सैन्य झपाट्याने वाढत होते, तरुण अधिकाऱ्यांची निकड होती आणि ते विद्यापीठांतून यावेत अशी अपेक्षा होती. ती अपेक्षा पुरी झाली नाही. १९४२ हेच ‘चले जाव’चे वर्ष होते, हे लक्षात घेतले म्हणजे नवल वाटत नाही. ज्या महाविद्यालयांतून अधिकारी हवे होते त्यांतलेच कित्येक विद्यार्थी त्या ऑगस्टमध्ये तुरुंगात किंवा भूमिगत होते.

राष्ट्रीय छात्रसेना कशी स्थापन झाली?

यूओटीसीचा अनुभव समोर असल्याने, शाळा आणि महाविद्यालयांसाठी देशव्यापी छात्रसंघटना असावी का, याचा विचार करण्यासाठी १९४६ साली पंडित हृदयनाथ कुंझरू यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. तिने १९४७च्या मार्चमध्ये अहवाल दिला. तारखा पाहिल्या तर समिती नेमली गेली तेव्हा देश अखंड होता, अहवाल आला तेव्हा फाळणी दाराशी होती आणि कायदा झाला तेव्हा काश्मीरमध्ये युद्ध चालू होते. १६ एप्रिल १९४८ रोजी राष्ट्रीय छात्रसेना कायद्याला मंजुरी मिळाली आणि जुलैमध्ये संघटना अस्तित्वात आली. प्रारंभी छात्रांची संख्या सुमारे २०,००० होती.

मराठी वाचकांना परिचित असे एक नाव या टप्प्यावर येते. छात्रसेनेचे पहिले संचालक कर्नल गोपाळ गुरुनाथ बेवूर होते. तेच पुढे १९७३ साली लष्करप्रमुख झाले.

हवाई शाखा १९५० साली सुरू झाली, तिची पहिली दोन पथके मुंबई आणि कलकत्ता येथे होती. नौदल शाखा १९५२ साली आली. ‘एकता आणि अनुशासन’ हे ब्रीद १९८० साली स्वीकारले गेले. आधीची बत्तीस वर्षे संघटना ब्रीदावाचूनही व्यवस्थित चालली होती, हे जाता जाता नमूद करायला हरकत नाही.

छात्र लष्करी कायद्याखाली येतो का? त्याला युद्धावर पाठवता येते का?

दोन्ही प्रश्नांचे उत्तर ‘नाही’ असे आहे. १९४८च्या कायद्यानुसार केवळ छात्रसेनेचा सदस्य असल्यामुळे कोणावरही प्रत्यक्ष लष्करी सेवेचे बंधन येत नाही. पालकांच्या मनातली ही सर्वांत जुनी शंका आहे आणि कायद्याने ती पहिल्या दिवसापासून निकालात काढली आहे.

शिक्षेच्या बाबतीत हा कायदा आश्चर्य वाटावे इतका सौम्य आहे. नियमभंगासाठी त्यात पन्नास रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. १९४८ साली ही रक्कम विद्यार्थ्याला जड होती, आज ती नाममात्र आहे. कोर्ट मार्शल नाही, कोठडी नाही. जी काही जरब आहे ती हजेरीची, शिबिरासाठी निवड होण्या-न होण्याची, दर्जा मिळण्याची किंवा काढून घेतला जाण्याची, प्रमाणपत्राच्या परीक्षेला बसू न दिले जाण्याची, आणि अखेरीस नाव कमी होण्याची. म्हणजे ज्याला या गोष्टींची किंमत वाटते त्याच्यावरच या शिस्तीचा अंमल चालतो. ज्याला वाटत नाही त्याच्यापुढे ही सगळी यंत्रणा हतबल असते. १९६३ नंतरच्या घडामोडी समजून घेताना हा मुद्दा महत्त्वाचा ठरतो.

छात्रसेना सक्तीची का झाली?

१९६२च्या चीन युद्धातील पराभवाने देश हादरला होता. त्या नोव्हेंबरात यशवंतराव चव्हाण मुंबईहून दिल्लीला संरक्षणमंत्री म्हणून गेले, आणि १९६३ साली विद्यापीठांतील शारीरिकदृष्ट्या सक्षम पदवीपूर्व मुलग्यांसाठी छात्रसेना सक्तीची करण्यात आली. लोकभावना अनुकूल होती. वर्गावर्गांतून संरक्षण निधी गोळा होत होता, रक्तदानाच्या रांगा लागत होत्या. अशा वातावरणात प्रत्येक विद्यार्थ्याने थोडेबहुत सैनिकी शिक्षण घ्यावे, ही कल्पना कोणालाच गैर वाटली नसावी.

सक्तीचा विचार मात्र युद्धाच्या आधीपासून हवेत होता. १९५०च्या दशकात ‘विद्यार्थ्यांची बेशिस्त’ हा वर्तमानपत्रांचा आणि दीक्षान्त भाषणांचा आवडता विषय झाला होता आणि त्यावर लष्करी शिस्तीचा उतारा अनेकांना सुचत होता. १९५९ साली चिंतामणराव देशमुख यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय सेवा समिती नेमली गेली. माध्यमिक शिक्षण संपवून महाविद्यालयात जाऊ इच्छिणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने नऊ महिने ते एक वर्ष सक्तीची राष्ट्रीय सेवा करावी, आणि तिच्यात काही लष्करी शिक्षण, समाजसेवा, श्रमकार्य व सामान्य शिक्षण असावे, अशी शिफारस तिने केली. खर्च आणि अंमलबजावणीच्या अडचणींमुळे ती स्वीकारली गेली नाही. अर्थमंत्री राहिलेल्या देशमुखांची योजना पैशांपायी अडावी, यातील विसंगती लक्षात घेण्याजोगी आहे. समितीची योजना निदान सलग आणि पूर्णवेळ होती. १९६३ साली आली ती सक्ती महाविद्यालयाच्या वेळापत्रकात चिकटवलेली होती.

सक्तीच्या काळात शिस्त वाढली का?

उपलब्ध सर्व खुणा उलट दिशा दाखवतात. १९६२ नंतर सैन्याचीच संख्या सव्वाआठ लाखांपर्यंत नेण्याची योजना चालू होती आणि नव्या पर्वतीय डिव्हिजन उभ्या राहत होत्या. अशा वेळी अनुभवी हवालदार आणि सुभेदार महाविद्यालयांकडे मोठ्या संख्येने देणे सैन्याला कठीण होते. रायफली, गणवेश, बूट, मैदाने यांची तीच गत होती. परिणामी प्रशिक्षण म्हणजे हजेरी लावून कवायतीच्या रांगेत उभे राहणे, इतकाच अर्थ पुष्कळ ठिकाणी उरला. आधीच्या उत्तरात म्हटल्याप्रमाणे या शिस्तीची मदार छात्राच्या स्वतःच्या ओढीवर आहे, आणि सक्ती आली की ती ओढ असलेले थोडे जण नसलेल्या पुष्कळांत विरून जातात. ज्यांनी ही वर्षे अनुभवली ते आज ऐंशीच्या घरात आहेत. त्यांच्यापैकी काही जण छात्रसेनेचे नाव काढताच हसतात आणि काहींचा कणा आजही ताठ होतो. दोन्ही प्रतिक्रिया प्रामाणिक आहेत, फक्त कोणाच्या वाट्याला चांगला प्रशिक्षक आला एवढाच फरक असतो.

मग सक्ती कोणी आणि का मागे घेतली?

१९६४ ते १९६६ या काळात काम केलेल्या कोठारी शिक्षण आयोगाने याचा विचार केला. या आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे कोल्हापूर भागात शिक्षणकार्य उभे केलेले नामवंत शिक्षणतज्ज्ञ होते. आयोगाने असे सुचवले की छात्रसेना काही काळ आहे तशी चालू ठेवावी, दरम्यान समाजसेवेचे अन्य पर्याय उभे करावेत आणि ते तयार होतील तसतशी छात्रसेना ऐच्छिक करावी. १९६८ साली ती ऐच्छिक झाली. २४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षात, ३७ विद्यापीठांत ४०,००० विद्यार्थ्यांसह राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. आज महाविद्यालयाच्या सूचनाफलकावर एनसीसी आणि एनएसएस शेजारी शेजारी दिसतात, त्यामागे हा निर्णय आहे.

भाषेचा वादही याच काळातला आहे. छात्रसेनेत ‘सावधान’, ‘विश्राम’, ‘पीछे मुड’, ‘तेज चल’ अशा हिंदी आज्ञा वापरल्या जातात. १९६८च्या जानेवारीत मद्रास विधानसभेने त्रिभाषा सूत्राविरुद्ध जो ठराव केला त्यात छात्रसेनेतील हिंदी आज्ञाही बंद करण्याची मागणी होती. मुख्यमंत्री अण्णादुराईंचे सरकार या बाबतीत ठाम होते. मराठी मुलांना या आज्ञा कधी परक्या वाटल्या नाहीत, त्यामुळे परेडचा हुकूम हा राजकीय प्रश्न होऊ शकतो हे आपल्याकडे फारसे कोणाच्या गावीही नसते.

विद्यार्थिनींना केव्हापासून प्रवेश आहे?

यूटीसी आणि यूओटीसी केवळ मुलांसाठी होती. १९४८च्या कायद्यात मुलींचा विभाग समाविष्ट केला गेला आणि १९४९च्या जुलैमध्ये तो प्रत्यक्ष सुरू झाला. महाविद्यालयीन मुलींच्या विभागाला आज ‘सीनियर विंग’ म्हणतात. स्त्रियांना सैन्यात वैद्यकीय शाखांबाहेर अधिकारी म्हणून प्रवेश १९९०च्या दशकात मिळाला, म्हणजे विद्यापीठाच्या मैदानावर मुलींच्या हाती रायफल त्याच्या चार दशके आधी आली होती. प्रशिक्षण होते, पण पुढची वाट नव्हती. कायद्यातील ‘पुरुष’ आणि ‘स्त्री’ या विभागणीचा प्रश्न अलीकडे पुन्हा न्यायालयात आला. २०२१च्या मार्चमध्ये केरळ उच्च न्यायालयाने पारलिंगी विद्यार्थिनीला तिने स्वीकारलेल्या लिंगओळखीनुसार छात्रसेनेत प्रवेश मिळण्याचा हक्क आहे, असा निर्णय दिला.

प्रशिक्षण कोण देतो? महाविद्यालयातील प्राध्यापकांची भूमिका काय?

बटालियनचे नेतृत्व सैन्यातील अधिकाऱ्याकडे असते आणि कवायत, शस्त्रांची हाताळणी, नकाशावाचन हे शिकवायला सैन्यातून आलेले प्रशिक्षक, म्हणजे पी. आय. स्टाफ, असतात. महाविद्यालयातील कंपनी मात्र प्राध्यापकच सांभाळतात. त्यांना सहयोगी एनसीसी अधिकारी, रोजच्या बोलण्यात ‘ए.एन.ओ.’, म्हणतात. पुरुष प्राध्यापकांचे प्रशिक्षण नागपूरजवळच्या कामठी येथील अकादमीत आणि महिलांचे ग्वाल्हेरला होते. सकाळी सहाला गणवेशात आणि अकराला वर्गात अर्थशास्त्र किंवा रसायनशास्त्र शिकवणारा हा माणूस दोन यंत्रणांना उत्तरदायी असतो. प्राचार्यांना त्याचा तास बुडता कामा नये असे वाटते, बटालियनला त्याची कागदपत्रे वेळेवर हवी असतात. चांगली कंपनी उभी राहते ती बहुधा अशा एखाद्या प्राध्यापकामुळे, आणि तो निवृत्त झाला की तिची रया जाते, हे चित्र अनेक गावांत पाहायला मिळते.

‘रगडा’ हा प्रशिक्षणाचा अधिकृत भाग आहे का?

नाही. उशीर झाला, बुटांना पॉलिश नाही, रांगेत हालचाल केली अशा कारणांवरून मैदानाला फेऱ्या मारायला लावणे किंवा जोर काढायला लावणे याला छात्रांच्या बोलीत रगडा म्हणतात. सैन्याच्या परंपरेतून ही पद्धत आली आहे आणि मर्यादेत असेपर्यंत बहुतेक छात्र तिच्याकडे खेळीमेळीने पाहतात. अडचण तेव्हा होते जेव्हा प्रशिक्षक हजर नसतो आणि एखादा सीनियर छात्र, ज्याला शिक्षा देण्याचा कोणताही कायदेशीर अधिकार नाही, ती देऊ लागतो. २०२३च्या पावसाळ्यात ठाण्यातील एका महाविद्यालयात सीनियरने छात्रांना चिखलपाण्यात ओणवे करून काठीने मारल्याची चित्रफीत सर्वत्र पसरली आणि महाराष्ट्रभर संताप व्यक्त झाला. अशी वागणूक शिस्तीच्या नावाखाली खपवून घेण्याचे काही कारण नाही. महाराष्ट्रात १९९९ पासून रॅगिंगविरोधी कायदा आहे आणि गणवेश घातल्याने त्यातून सूट मिळत नाही. तक्रार प्राचार्य, महाविद्यालयाची रॅगिंगविरोधी समिती किंवा बटालियनचे प्रमुख यांच्यापैकी कोणाकडेही करता येते.

गोव्यात हा इतिहास वेगळा आहे का?

होय. १९६१च्या डिसेंबरपर्यंत गोवा पोर्तुगीज अमलाखाली असल्याने यूटीसीचा किंवा छात्रसेनेच्या पहिल्या तेरा वर्षांचा तेथे संबंध आला नाही. आज गोव्यातील तुकड्या कर्नाटक-गोवा संचालनालयाखाली येतात. महाराष्ट्राचे स्वतंत्र संचालनालय असून प्रजासत्ताक दिन शिबिरात सर्वोत्कृष्ट संचालनालयाला मिळणाऱ्या पंतप्रधान ध्वजाचा मान त्याने अनेकदा मिळवला आहे.

इतर देशांतही विद्यापीठांत अशी सक्ती होती का?

अमेरिकेत १८६२च्या मॉरिल कायद्याने सरकारी जमिनीच्या उत्पन्नावर उभ्या राहिलेल्या महाविद्यालयांना शेती आणि यंत्रविद्येबरोबर लष्करी डावपेचांचे शिक्षण देणे बंधनकारक केले. त्यांपैकी बऱ्याच ठिकाणी ते विद्यार्थ्यांवर दीर्घकाळ सक्तीचे होते. कॅलिफोर्निया विद्यापीठात धार्मिक श्रद्धेमुळे काही विद्यार्थ्यांनी त्याला नकार दिला, तेव्हा १९३४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने विद्यापीठाच्या बाजूने कौल दिला. टेक्सास ए अँड एम येथे १८७६ पासून असलेली सक्ती १९६५ साली उठली, तीही दुसऱ्या महायुद्धात नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर रेंजर पथकाचे नेतृत्व केलेल्या अर्ल रडर या अध्यक्षांच्या कारकिर्दीत. सक्ती उठवणारा माणूस लष्करी शिक्षणाचा विरोधक असतोच असे नाही.

आता या प्रशिक्षणाला शैक्षणिक श्रेयांक (क्रेडिट) मिळतात का?

२०२१ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने छात्रसेना हा श्रेयांक असलेला ऐच्छिक विषय म्हणून देण्याची सूचना विद्यापीठांना केली. सहा सत्रांत मिळून २४ श्रेयांकांची ही रचना आहे. प्रत्येक विद्यापीठाने ती कशी लागू केली आहे हे आपल्या महाविद्यालयात विचारूनच ठरवावे. दोन वर्षांनंतर ‘बी’ आणि तिसऱ्या वर्षी ‘सी’ प्रमाणपत्राची परीक्षा ही जुनी पद्धत चालूच आहे. ‘सी’ प्रमाणपत्रधारक पदवीधरांना विशेष प्रवेश योजनेतून लेखी परीक्षेवाचून थेट सैन्याच्या निवड मंडळापुढे मुलाखतीला जाता येते, अर्थात इतर अटी पूर्ण केल्यास. मागणी पुरवठ्यापेक्षा जास्त असल्याने २०२४ साली तीन लाख जागा वाढवून मंजूर छात्रसंख्या वीस लाखांवर नेण्याचा निर्णय झाला. सक्ती नसताना ही संख्या गाठली जात आहे.

घरात आजोबा-पणजोबांचे जुने प्रमाणपत्र, बिल्ला किंवा छायाचित्र सापडले. त्यावरून काय ओळखता येते?

नावावरून काळ बराचसा निश्चित होतो. ‘इंडियन डिफेन्स फोर्स’ असे असेल तर ते १९१७ ते १९२० या काळातील आहे आणि दुर्मीळ आहे. ‘यूटीसी’ असेल तर १९२० ते १९४२, ‘यूओटीसी’ असेल तर १९४२ ते १९४८. ‘एनसीसी रायफल्स’ असा उल्लेख असेल तर तो १९६०च्या दशकातला समजावा, कारण छात्रसेनेचा विस्तार कमी खर्चात व्हावा म्हणून ही शाखा तेव्हा सुरू झाली होती. छायाचित्राच्या मागे महाविद्यालयाचे आणि शिबिराच्या गावाचे नाव लिहिलेले असते, ते आधी टिपून ठेवावे. प्रमाणपत्राला लॅमिनेशन करू नये, त्याने जुना कागद खराब होतो. साध्या, आम्लरहित पाकिटात ते ठेवावे आणि त्याची स्वच्छ प्रत संबंधित महाविद्यालयाच्या ग्रंथालयाला द्यावी. महाविद्यालयांच्या जुन्या वार्षिक नियतकालिकांत दर वर्षीचा यूटीसीचा अहवाल छापलेला सापडतो, त्यात छात्रांची नावे, शिबिराचे ठिकाण आणि नेमबाजीतील बक्षिसे दिलेली असतात.